तिसरं नाव

समुद्रकाठच्या कॅर्नवी गावात हिवाळा लवकर येतो, म्हणून चर्चचे हिवाळ्यातले कार्यक्रम ऑगस्टमध्येच ठरवून टाकावे लागत. तो कागद तयार करायचं काम इना मोवटचं. अठरा वर्षं ती चर्चच्या मंडळीची चिटणीस होती आणि निवृत्त होईपर्यंत सदतीस वर्षं गावच्या शाळेत शिक्षिका. त्यामुळे पन्नाशीच्या आतलं निम्मं गाव तिला अजून ‘मिस’ म्हणे, आणि ती समोरून आली की हात खिशातून बाहेर काढी.

त्या वर्षीच्या कागदावर पाच गोष्टी होत्या. बुधवारी बायबलचा अभ्यास, महिन्यातून एकदा सूप आणि पाव, प्रथमोपचाराचे दोन धडे, म्हाताऱ्यांना मोबाइल शिकवण्याची एक दुपार. आणि सगळ्यांत वर, जाड अक्षरात: ‘उपासना चालवायला शिका. सहा मंगळवार. अनुभवाची गरज नाही.’

या सगळ्यांत वरच्या गोष्टीमागे एक पत्र होतं. कॅर्नवीला दोन वर्षं पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नव्हता आणि रविवारी कशीबशी सतरा माणसं जमत. आसपासच्या एकोणीस चर्चचा कारभार पाहणाऱ्या प्रेसबिटरीने कळवलं होतं की कुठल्या इमारती ठेवायच्या आणि कुठल्या विकायच्या याचा विचार चालू आहे. जिथे गावचीच तीन माणसं शिकून उपासना चालवायला तयार होतील, त्या मंडळीचा ‘सहानुभूतीने विचार’ होईल. इनाने ते वाक्य इतक्यांदा वाचलं की तिला ते वचनच वाटू लागलं.

तिने कागद दुकानात लावला, दवाखान्यात लावला, बंदरावरच्या बर्फाच्या शेडलाही लावला.

पहिल्या मंगळवारी सभागृहात चौदा खुर्च्या मांडल्या होत्या आणि माणसं दोन आली. एक इना स्वतः. दुसरी रोना टेट, वृद्धाश्रमातली परिचारिका, कामाच्या गणवेशावरच कोट चढवून धावत आलेली. शिकवायला आलेले पाळक डग्लस पिरी दीड तास गाडी चालवून आले होते. त्यांनी वीस मिनिटं वाट पाहिली, दोन कप चहा घेतला आणि अवघडून म्हणाले, “मिस मोवट, तिघं नसतील तर मला वर्ग घेता येणार नाही. नियम माझा नाही.”

सभागृहाच्या कोपऱ्यात वॉटी गन हीटरशी खटपट करत होता. वॉटी एकोणसत्तर वर्षांचा, इनाच्याच वयाचा. जन्मभर शेवंड धरले, गुडघे गेल्यावर होडी विकली आणि तेव्हापासून चर्चच्या किल्ल्या सांभाळू लागला. बायको बेला चार वर्षांपूर्वी वारली होती.

“तिसरा हा आहे,” इना म्हणाली.

वॉटीने मागे वळून पाहिलं. “कोण?”

“तूच. ये, बस इथे.”

“मी खुर्च्या मांडतो, इना. त्यांच्यावर बसणारे वेगळे असतात.”

“आज तू बसणारा.”

“माझं तोंड पाहून आहेत तेही लोक पळतील.”

“साठ वर्षं पाहताहेत, अजून पळाले नाहीत. हे चर्च बंद झालं तर किल्ल्या घेऊन कुठे फिरणार आहेस? सही कर.”

रोना हसली. पिरींनी नोंदणीचा कागद पुढे सरकवला. वॉटी त्या कागदाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग त्याने इनाचं बोट जिथे टेकलं होतं तिथे एक वेडंवाकडं ‘डब्ल्यू’ काढलं आणि पेन खाली ठेवलं.

पुढच्या मंगळवारांनी सगळ्यांनाच चकित केलं. रोना घाईघाईत बोले, इना वर्गात शिकवल्यासारखी बोले, आणि वॉटी प्रार्थना करायला उभा राहिला की हीटरचा आवाजसुद्धा नकोसा वाटे. तो बंदरातल्या होड्यांची नावं घेऊन एकेकीसाठी देवाकडे मागे, विकल्या गेलेल्या होड्यांसाठीसुद्धा. पिरी एकदा इनाला दाराशी म्हणाले, “ही देणगी शिकवून येत नाही.” इना त्या दिवशी घरी जाताना स्वतःशीच हसत होती.

फक्त वाचायची पाळी आली की वॉटीचा चष्मा घरी राहिलेला असे. एकदा राहिला, दोनदा राहिला. तिसऱ्यांदा इनाची सहनशक्ती संपली.

“माझा घे,” तिने आपला चष्मा काढून त्याच्या हातात दिला. “शाळेतही तुझं हेच. पाटी विसरली, पेन्सिल विसरली.”

वॉटीने चष्मा चढवला. पुस्तक हातात धरलं. थोडा वेळ गेला आणि मग त्याने आपल्या खोल, संथ आवाजात पूर्ण स्तोत्र म्हटलं, एक शब्दही न अडखळता. रोनाने डोळे पुसले. इनाने मात्र पुस्तकाकडे पाहिलं. पान भलतंच उघडलेलं होतं. ज्या पानावर ते स्तोत्र होतं, त्याच्या दोनशे पानं अलीकडचं.

बाकीचे गेल्यावर ती त्याच्याजवळ गेली. तो खुर्च्या एकावर एक रचत होता.

“कधीपासून, वॉटी?”

“काय कधीपासून?”

“तुला वाचता येत नाही.”

त्याने आणखी दोन खुर्च्या रचल्या. “पहिल्यापासून,” तो म्हणाला. “तू पुढच्या बाकावर असायचीस. मी मागे, कोळशाच्या बादलीजवळ. मास्तर मला बादली भरायला पाठवायचे. दोघांचंही त्यात बरं चालायचं.”

“आणि इतकी वर्षं?”

“बेला होती ना. सगळं तीच वाचायची. स्तोत्रं पण तिनेच म्हणून म्हणून पाठ करून घेतली.”

सदतीस वर्षं मुलांना अक्षरं शिकवलेल्या बाईला साठ वर्षांच्या ओळखीतलं हे कळलं नव्हतं. इनाला त्याची लाज वाटली. आणि लाज वाटली की ती नेहमी जे करे तेच तिने केलं, कामाला लागली.

ऑक्टोबरपासून दर गुरुवारी सकाळी दहा वाजता दोघं पाळकांच्या रिकाम्या खोलीत बसू लागले. त्यांच्या पायांशी एकच छोटा हीटर असे. तिने होड्यांची नावं घेऊन सुरुवात केली, कारण त्यांचे आकार तो ओळखत होता. मग माशांची नावं, मग गावातल्या घरांची. तो चुकला की ती टेबलावर बोट आपटे.

“हे काय मासा पकडणं आहे, अंदाजाने जाळं टाकायला? अक्षर बघ.”

“मासा निदान हलतो. हे मेलं तसंच पडून राहतं.”

नोव्हेंबरच्या शेवटी त्याने मोठ्या अक्षरातली चार ओळींची प्रार्थना स्वतः वाचली. घामाघूम झाला. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या ओळीवर गेला आणि एकेक शब्द बोटाखाली धरून परत वाचली. कुणी मागे लागलेलं नसताना. इनाने चहा ओतायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. तेवढे काही आठवडे तिला खरोखर वाटलं की सगळं जमून येईल.

डिसेंबरात तो पुन्हा चुकायला लागला.

“मधलं अक्षर पळतं,” तो म्हणे. “कडेचं दिसतं, मधलं पळतं.”

“अभ्यास करत नाहीस म्हणून पळतं. घरी पुस्तक उघडतोस का?”

पुढच्या गुरुवारी येताना त्याने दुकानाच्या दोन पिशव्या आणल्या आणि टेबलावर ठेवल्या. दोन्ही पाकिटांनी ठासून भरलेल्या.

“बेला गेल्यापासूनची टपालं,” तो म्हणाला. “ड्रॉवरमध्ये टाकत गेलो. वाटलं होतं, आता स्वतःच वाचीन. जमेल असं दिसत नाही. तू वाच.”

वर वर सांत्वनाची पत्रं होती, काळ्या नाहीतर करड्या कडांची. त्यांतच इनाला आपलंच हस्ताक्षर दिसलं. बेला गेली तेव्हा तिने दोन पानं भरून लिहिली होती, मनातलं सगळं. वॉटीने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही म्हणून ती चार वर्षं आतून धुमसत होती. पाकीट अजून चिकटलेलंच होतं.

“कुणाचं आहे?” वॉटीने विचारलं.

“माझं. नंतर वाचू.”

खाली इस्पितळाची पाकिटं होती, एकाच निळ्या शिक्क्याची. इनाने पहिलं फोडलं, मग दुसरं, मग बाकीची भराभर. मधुमेहींच्या डोळ्यांची वार्षिक तपासणी. तारीख, वेळ. आपण आला नाहीत, नवीन तारीख. पुन्हा आला नाहीत. चार वर्षांत सात पत्रं. कॅर्नवीच्या दवाखान्यात दर दोन महिन्यांनी नवा डॉक्टर येई. प्रत्येकाने त्याला पत्र आलं का म्हणून विचारलं होतं आणि प्रत्येकाला तो “हो, आलं” म्हणाला होता.

“तुला साखर आहे हे तरी मला सांगायचंस,” इना म्हणाली.

“बेलाला माहीत होतं.”

रोनाने त्याला आपल्या गाडीतून शहरातल्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी खूप शांतपणे सांगितलं. उजव्या डोळ्यात करण्यासारखं काही उरलेलं नाही. डावा आहे तेवढा टिकवायचा प्रयत्न करू. इंजेक्शनं द्यावी लागतील, पण गेलेलं परत येणार नाही. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर, असं त्या म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. परत येताना वॉटी गाडीत एवढंच बोलला, की बाई सज्जन होत्या आणि हात उबदार होते.

जानेवारीत वृद्धाश्रम बंद होणार असल्याची बातमी आली. रोनाला दक्षिणेत नोकरी मिळाली. ती सांगायला आली तेव्हा दारातच रडायला लागली. “मिस, मी तुम्हाला मध्येच सोडून चालले.”

“तुला तीन मुलं आहेत. वेड्यासारखं बोलू नकोस,” इना म्हणाली. आता नावं दोनच उरली होती. तरीही तिने प्रेसबिटरीला सविस्तर पत्र लिहिलं, की एक सदस्य कमी झाली असली तरी दोघं तयार आहेत आणि मार्चमध्ये परीक्षेसाठी उपासना चालवून दाखवतील.

उत्तर फोनवरून आलं, पिरींचं. ते बराच वेळ हवापाण्याचंच बोलत राहिले.

“सांगून टाका, मिस्टर पिरी,” इना म्हणाली.

“कॅर्नवी बंद करायच्या यादीत आहे. मे अखेर.”

“आमची परीक्षा तर अजून व्हायची आहे.”

“यादी जूनमध्येच ठरली होती. गेल्या जूनमध्ये. मला ख्रिसमसनंतर कळलं. ते सहानुभूतीचं वाक्य... ते सगळ्याच मंडळ्यांना गेलं होतं.”

जूनमध्ये. तिने कागद लिहिला होता ऑगस्टमध्ये. इनाने त्यांचे आभार मानले, फोन ठेवला आणि खुर्चीत बसली ती अंधार पडेपर्यंत. चर्च जाणार हे तिला आतून कधीचंच माहीत होतं. तिला दिसत होतं ते वेगळंच: पेन हातात घेऊन कागदाकडे बघत राहिलेला वॉटी, आणि त्या जागेवर टेकलेलं आपलं बोट.

तिने त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मार्चचं वाचन आहे ना अजून?”

“आता कशाला?”

“कागदावर नाव आहे माझं.”

तिने वर्गातल्या त्याच स्तोत्राच्या पहिल्या आठ ओळी अंगठ्याएवढ्या अक्षरांत लिहून दिल्या. काळ्या शाईने, पाच ताव लागले. मार्चच्या त्या रविवारी अकरा माणसं आली होती. वॉटी सूट घालून पुढे गेला. पहिला ताव डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरून त्याने एक ओळ वाचली. मग दुसरी. त्यानंतर थांबला. कागद थोडा डावीकडे नेला, थोडा उजवीकडे नेला. कोणीतरी खोकलं. लोक आपापल्या बुटांकडे बघू लागले. तो तसाच उभा राहिला, ओठ मिटून, आणि कागद हलवत राहिला. शेवटी इना उठली, त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि उरलेलं तिने वाचलं. लोकांना वाटलं, चर्च बंद होणार म्हणून त्याला भरून आलं.

बाहेर भिंतीच्या आडोशाला ती त्याला म्हणाली, “तुला ते सगळं पाठ होतं. न बघता म्हणून का नाही टाकलंस?”

“पाठ म्हणणं वेगळं.” वॉटी कोटाची बटणं चाचपडत लावत होता. “तू वाचायला शिकवलं होतंस.”

मेच्या शेवटच्या रविवारी किल्ल्या परत दिल्या. मंडळी अठरा मैलांवरच्या शहरातल्या चर्चला जोडली गेली. रविवारी तिकडे बस नव्हती. चौघं-पाचजण गाडीने जाऊ लागले, बाकीचे घरीच राहिले. इना गुरुवारी वॉटीकडे जाऊन त्याची टपालं वाचून दाखवी. तिचं स्वतःचं पत्र तिने एकदा काढलं होतं. त्याने ऐकायला मान पुढे केली, पण दोन ओळींनंतर तिनेच कागदाची घडी घातली. “राहू दे,” तो म्हणाला, “बेलाबद्दल चांगलंच असणार.” ऑगस्टमध्ये त्याची भाची येऊन त्याला आपल्या घरी घेऊन गेली, समुद्रापासून लांब. तो फोनवर कमी बोले. मग भाचीच बोले.

सप्टेंबरात शहरातल्या चर्चच्या नव्या पाळकबाईंचा इनाला फोन आला. उत्साही होत्या. हिवाळ्यात तिकडे बरंच काही सुरू करणार होत्या आणि प्रौढांसाठी लिहिण्यावाचण्याचा एक वर्ग त्यांच्या मनात होता. “सगळे तुमचंच नाव सांगतात. गाडीने आणण्या-नेण्याची व्यवस्था आम्ही करू.”

“मला नाही जमणार,” इना म्हणाली.

“विचार करून सांगा. घाई नाही.”

“विचार केलाय.”

पाळकबाई म्हणाल्या, की निदान नाव तात्पुरतं लिहून ठेवते. इना म्हणाली, “लिहू नका. कृपा करून नाव लिहू नका.” तिने फोन ठेवला आणि बटाटे सोलायला बसली. एकीपुरते दोन पुरेसे होते.