हातातले बूट

पडद्यावरच्या म्हाताऱ्याने जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून बूट काढले, ते हातात घेतले आणि नुसत्या मोज्यांनिशी तो वर चढू लागला, तेव्हा आईला आधी बरंच वाटलं. या मारामारीच्या सिनेमात एक तरी शहाणा माणूस निघाला म्हणायचा, असं ती शेजारी बसलेल्या मुलाला सांगणार होती. सांगायला तिने मान वळवलीसुद्धा. मुलगा पडद्याकडे बघतच नव्हता. तो स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसला होता.

बूट हातात घेऊन जिना चढायची रीत त्यांच्या घरची. दुसऱ्या कुठल्या घरात ती असल्याचं आईच्या ऐकिवात नव्हतं. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत कायमची रात्रपाळी करणारी बाई. रात्रभर चादरी, गाऊन आणि उशांचे अभ्रे मशीनमध्ये कोंबायचे, उपसायचे, आणि जग कामाला निघालं की घरी येऊन झोपायचं. घर कागदाच्या एका गोदामावर, वर जायला लाकडी जिना, आणि तिच्या पलंगाची उशाकडची भिंत नेमकी त्या जिन्याला लागून. जिन्यावर टाच पडली की तिच्या डोक्यात घण पडे. कानात कापसाचे बोळे घातले तरी पडे. म्हणून लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने खालच्या पायरीवर बूट काढून हातात घेतले, ते कायमचे. तो लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. "लोकांना बटण दाबून वर पाठवतो, आणि स्वतःच्या घरात चोरासारखा शिरतो," असं तो ज्याला त्याला सांगत सुटायचा, आणि सांगताना भलताच खूश असायचा. मुलगा चालायला लागल्यावर त्यानेही तेच उचललं. एवढंसं पोर, छातीशी इवलेसे बूट कवटाळून, एकेक पायरी चढायचं.

सिनेमा होता लढाईवरून परत आलेल्या एका शिपायाचा. घरी येतो, कुणी नोकरी देत नाही, डोळ्याला डोळा लागत नाही, शेवटी चोरांच्या टोळीत शिरतो आणि घरं फोडू लागतो. आईचा मुलगाही आघाडीवरून परतलेला. टोळीबिळीच्या भानगडीत तो पडला नाही, पण माणसांत येईना. बापाने लिफ्टच्या कंपनीत चिकटवून दिलं, तर लिफ्टचं दार मिटलं की याला घाम फुटायचा. आठव्या दिवशी सोडून आला. त्यावरून बापलेकांत अशी जुंपली की पुढे बोलणंच बंद झालं. मग बाप गेला. आणि त्यानंतर बऱ्याच काळाने ही सिनेमावाली मंडळी गावात आली. त्यांना असा माणूस हवा होता, जो लढाईवर जाऊन आलाय आणि चूक दिसली की थांबवेल: बंदूक अशी धरत नाहीत, जखमी माणसाला असं उचलत नाहीत. या कामात मात्र मुलगा रमला. तिथे सगळे त्याला कॅप्टन म्हणत. फौजेत तो साधा शिपाई होता, पण सिनेमात बढती लवकर मिळते. आज काम केलेल्यांसाठी दुपारचा खास खेळ होता. आई दुपारची झोप मोडून, पाण्याची बाटली आणि पिशवी मांडीवर घेऊन, कौतुकाने येऊन बसली होती.

पडद्यावर शिपाई वरच्या खोलीत कपाट उचकत होता. त्याची पाठ दाराकडे. म्हातारा, घराचा मालक, मागे येऊन उभा राहिला. शिपाई वळला, दोघांनी एकमेकांना ओळखलं, आणि शिपायाने दोन्ही हातांनी म्हाताऱ्याला जिन्यावरून खाली लोटलं. सगळ्या थिएटरने श्वास आत ओढला. कुणी बाई "अगं बाई" म्हणाली.

 आईला अजून काही कळलंच नव्हतं. कळलं ते पुढे. शिपाई पळाला नाही. तो सावकाश खाली उतरला. इकडेतिकडे पडलेले बूट त्याने गोळा केले. म्हाताऱ्याच्या पायांशी उकिडवा बसून त्याने एकेक बूट त्याला घातला, नाड्या आवळल्या, दुहेरी गाठ मारली आणि नाड्यांची टोकं बोटाने बुटाच्या आत खुपसली.

आईच्या हातून बाटली सुटली आणि खुर्च्यांखालून गडगडत पुढे गेली.

ती गाठ तिने बघितली होती. नवरा जिन्याखाली सापडला तेव्हा त्याच्या पायात बूट होते, आणि नाड्यांची टोकं अशीच आत खोचलेली होती. पाय घसरून पडला, असं सगळे म्हणाले. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. जन्मभर बूट काढून चढणारा माणूस नेमका त्या दुपारी विसरला आणि गुळगुळीत पायरीवरून घसरला. लिफ्टवाला जिन्यावरून गेला, असं बाजारात दोघंतिघं हसूनही बोलले. तिने ते ऐकलं होतं. आणि ती गाठ? फौजेत तशी बांधतात, तिच्या मुलाची तशीच असते. तिला वाटलं होतं, रुसवा धरला तरी बापाने पोराची गाठ मात्र उचलली. त्या दुःखात तेवढाच एक गोड घास तिला मिळाला होता. तिने तो मुलालाही भरवला होता: "बघ, तुझ्यासारखी गाठ मारायला लागले होते रे." मुलगा तेव्हा खोलीतून उठून गेला होता.

मध्यंतर झालं आणि दिवे लागले. शेजारची खुर्ची रिकामी होती.

ती कशीबशी उठली.  बाहेर दिग्दर्शकाने तिला गाठलं. बरा माणूस होता, पोरसवदा चेहऱ्याचा, आणि आज त्याचा आनंद पोटात मावत नव्हता.

"काकू, बघितलंत ना? सगळे मला त्या बुटांबद्दलच विचारतायत."

"कुणी सुचवलं ते?" आईने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं. तरी विचारलं.

"अहो, तुमच्या कॅप्टननेच. मी लिहिलं होतं की म्हातारा गुपचूप वर येतो. हा म्हणाला, लाकडी जिना आहे, शिपायाला ऐकू आल्याशिवाय राहणार नाही. बूट हातात असतील तरच जमेल. बरं, ते केलं. मग म्हातारा पडतो आणि शिपाई पळत सुटतो, तर याने भर शूटिंग थांबवलं. चूक आहे म्हणाला. तो पळणार नाही, आधी बूट घालेल. मी म्हटलं, का? तर म्हणाला, घालेल. नटाला गाठसुद्धा त्यानेच शिकवली."

"चूक दिसली की त्याला राहवत नाही," आई म्हणाली. आपल्याच तोंडून हे निघालं याचं तिला भय वाटलं.

"सोन्यासारखा माणूस आहे हो," दिग्दर्शक म्हणाला, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून तिकडे वळला.

मुलगा थिएटरच्या मागच्या बाजूला, आग लागली तर उतरायच्या लोखंडी जिन्यावर बसला होता. नव्या शर्टाची घडी अजून मोडली नव्हती. आई त्याच्यापासून एक पायरी वर बसली. जवळ बसवेना, आणि लांब जायला पाय उठेनात.

"काय म्हणाला तो?" मुलाने विचारलं.

"तू शूटिंग थांबवलंस म्हणाला."

"माझ्या लक्षातच आलं नाही गं. ते चुकीचं करत होते. मी नुसतं सांगून गेलो. रात्री घरी आल्यावर कळलं मी काय बोललो ते."

खाली गल्लीत एक माणूस ट्रकमधून खोकी उतरवत होता. आईने ते बराच वेळ बघितलं. तिला एकच गोष्ट विचारायची होती आणि तीच विचारवत नव्हती. पडद्यावरच्या शिपायाने म्हाताऱ्याला ओळखलं होतं. ओळखून लोटलं होतं.

"तेव्हा तुमचं बोलणं बंद होतं," ती शेवटी म्हणाली. "एकमेकांच्या ताटाकडेही बघत नव्हतात. मुद्दाम ढकललंस का? एवढंच सांग मला."

"नाही."

"माझ्याकडे बघून सांग."

त्याने वळून तिच्याकडे बघितलं. "नाही, आई. ते बाबा आहेत हे मला माहीतच नव्हतं. मी ओट्यापाशी चहा ठेवत होतो. पाठ दाराकडे. खांद्यावर हात पडला. आवाज म्हणून नाही. एक पायरी वाजली असती तरी मी आधी वळून बघितलं असतं. तिकडे जो मागून असा येतो तो एकाच कामासाठी येतो. माझे हात गेले. मी बघितलं तोवर ते खाली पोचले होते."

"आणि मी भिंतीपलीकडे झोपले होते."

"तू कूस बदललीस. मला ऐकू आलं."

 "मग हाक का नाही मारलीस मला?"

"आधी खाली गेलो. श्वास नव्हता. मला कळतं ते, पुष्कळ बघितलंय. एक बूट दारापाशी, एक पायरीवर. म्हटलं, हिने हे बूट असे पडलेले बघितले तर हिला समजेल ते कसे चढत होते. कुणासाठी चढत होते. मग ही जन्मात झोपणार नाही." त्याने तोंडावरून हात फिरवला. "म्हणून घातले. स्वतःला वाचवायला नाही. तुला तेवढं कळू नये म्हणून."

 एकाएकी आईने मांडीवरची पिशवी उचलली आणि त्याच्या पाठीत घातली. मग पुन्हा, जोरात.

"आणि मी त्या माणसाला बोल लावत बसले," ती म्हणाली. "भेटायला आलेल्या एकूणएक माणसाला मी सांगितलं, बघा, एक दिवस बूट काढायचा कंटाळा केला आणि मला टाकून गेले. फोटोसमोर उभी राहून भांडलेय मी त्यांच्याशी. बेफिकीर म्हणाले त्यांना. आणि ते बिचारे बूट हातात धरून येत होते."

मुलाने मार खाल्ला. हात वर केला नाही.

त्या दिवशी सकाळी, ती कामावरून आली आणि नवरा कामाला निघाला तेव्हा, तो दारात थांबून म्हणाला होता, "आज दुपारी पोराशी बोलतो. पुरे झालं." खांद्यावर पडलेला तो हात कसला होता हे म्हणजे फक्त तिला ठाऊक होतं. ते तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने गिळलं. एका दिवसात एका माणसाच्या पदरात किती टाकायचं. सांगायचं होतंच, पण इथे नाही.

आत मध्यंतर संपल्याची घंटा झाली. लोक बोलत, हसत आपापल्या जागी गेल्याचं भिंतीपलीकडून ऐकू आलं.

"मी चौकीत जातो," मुलगा म्हणाला. "आत्ताच जातो. सगळं सांगतो."

"जायचंच आहे. मी येणार आहे बरोबर." आईने कठड्याला धरून स्वतःला उभं केलं. "पण आधी घरी चल. मला त्यांची माफी मागायचीय. तुलाही."

दोघं चालत निघाली. रस्त्यावर नेहमीची दुपार होती. सायकलवाले होते, दुकानाच्या पायरीवर पेंगणारा कुत्रा होता, आणि आईला हे सगळं अजून जागच्या जागी कसं आहे याचंच नवल वाटत होतं. गोदामाशेजारचं दार तिने उघडलं. आत जिना होता, रोजचाच, मधोमध झिजलेला.

बाप गेल्यापासून मुलाने ही रीत मोडली होती. तो बुटांसकट धाडधाड वर यायचा, मुद्दाम खोकायचा, कठड्यावर थापा मारायचा. आई किती वेळा पलंगावरून ओरडली होती, की अरे, घरात माणूस झोपलंय याची काही लाज? त्याने कधी उलट उत्तर दिलं नाही, आणि कधी ऐकलंही नाही. आज मात्र तो खालच्या पायरीवर बसला. आज तरी आपल्यापायी तिला आणखी त्रास नको, असं त्याला वाटलं असावं. त्याने वाकून नाडीची टोकं बाहेर काढली आणि गाठ सोडायला घेतली.

आई दोन पायऱ्या वर गेली होती. तिची पाठ त्याच्याकडे होती. त्या पाठीला अजून भीती वाटत होती. तिच्याच्याने ते नाकारवत नव्हतं. नाडी सुटल्याचा आवाज तिने ऐकला आणि ती थांबली. वळली मात्र नाही.

"घाल ते पायात," ती म्हणाली. "आणि वाजवत ये माझ्या मागे. मी जागी आहे."