भर दुपारी जळणारा दिवा

जुना तर मी आहेच, मित्रांनो, ते लपवून काय उपयोग? बागेच्या पायरीशी रोवलेला सोलर दिवा मी. डोक्यावर तळहाताएवढी काच, पोटात बॅटरी आणि काचेखाली वाटाण्याएवढं भोक. त्या भोकातून मला दिवस-रात्र कळते. अंधारलं की मी लागतो, उजाडलं की विझतो. माझं सगळं शहाणपण तेवढंच.

कारखान्यातून निघालो तेव्हा आम्ही हजारो होतो. मी ज्या घरी आलो, तिथल्या आजीला सांज झाली की दिसेनासं होई. फाटकाची कडी मात्र रोज तिलाच लावायची असे. दुसऱ्या कुणी लावली तर तिला झोप येत नसे. माझ्या उजेडात ती पायरी उतरे. हा आहे म्हणून माझं चाललंय, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. मी फुगून जाई, खोटं कशाला बोलू?

सहा वर्षांत माझी काच पांढुरकी पडली, बॅटरी फुगली, मी मिणमिणू लागलो. आजीची मुलगी म्हणाली, फेकून द्या, नवा आणू. पण आजोबा चाळीस वर्षं वायरमन! हात कापत होते, तरी हट्टाला पेटले. टूथपेस्टने घासून काच लख्ख केली, दुप्पट ताकदीची बॅटरी घातली, जास्त उजेडाचा एलईडी बसवला. त्यात तीन दिवस गेले. आणि शेवटी आडवी आली ती जन्माची सवय. काही उघडं दिसलं की त्यांचा हात टेपकडे जायचा. पाणी शिरू नये म्हणून त्यांनी माझं ते भोक काळ्या टेपने गच्च बंद करून टाकलं.

मित्रांनो, तेव्हापासून मला दिवस उगवलाच नाही. सूर्य डोक्यावर असताना मला रात्र वाटे आणि मी जिवाच्या आकांताने जळत राही. त्या उन्हात माझा उजेड कुणाला दिसणार? कमावलेलं सगळं तिथेच उडून जाई. ऊन उतरलं की दोन मिनिटांत मी थंडगार.

पहिल्या संध्याकाळी मी लागलो नाही, तेव्हा आजोबा म्हणाले, बॅटरी नवी आहे, उद्यापर्यंत भरेल. दुसऱ्या संध्याकाळी ते घरात होते. यांनी केलंय म्हणजे लागणारच, असं स्वतःशी म्हणत आजी पायरीकडे आली. तिचं पाऊल कडेवर पडलं. ओरडायला मला तोंड नव्हतं. ती माझ्या अंगावरूनच खाली कोसळली आणि तिचं मनगट मोडलं.

त्या दिवसापासून आजोबांनी हत्यारांना हात लावला नाही. आठवड्याने हत्यारांची पिशवी फाटकापाशी नेऊन ठेवली आणि मुलीला म्हणाले, “उद्या भंगारवाल्याला दिवा दे, पिशवी दे. जमलं तर मलाही दे.”

म्हणजे माझा एकच दिवस उरला होता. त्याच दुपारी आजी प्लॅस्टरचा हात सांभाळत पायरीवर उन्हाला बसली. मी तिच्या पायाशी जळत होतो. बघ ना गं, एकदा बघ! गवत उपटायला ती वाकली, तिची सावली माझ्यावर पडली आणि तिचा हात थांबला. तिने माझ्यावर चांगल्या हाताचा आडोसा धरला. भर दुपारी तिचा तळवा उजळला.

ती वायरमनची बायको. तिने कुणाला हाक मारली नाही. एका हाताच्या नखाने ती टेप खरवडत बसली. आजोबांनी लावलेली टेप, सुटते कसली! सुटली तेव्हा तिचं नख फाटलं होतं. टेपची गोळी करून तिने ती मातीत खोल दाबली.

त्या संध्याकाळी मी लागलो.

आजोबा धावतच आले. आजी म्हणाली, भरायला वेळ लागला असेल.  ते बोटाने मला चाचपू लागले आणि भोकाशी बोट चिकटलं. टेपचा डिंक होता तो. त्यांनी तिच्या फाटक्या नखाकडे बघितलं.

“तुझा हात मीच मोडला गं.”

“हाड जुळून येईल,” आजी म्हणाली. “ती पिशवी आधी आत घ्या.”

मित्रांनो, एखादा दिवा लागत नसेल तर त्याला फेकण्याआधी भर दुपारी त्याच्यावर हाताचा आडोसा धरून बघा. तो कदाचित दिवसभर जळत असेल, आणि त्याला ते तुम्हाला सांगता येत नसल्याने तळमळत असेल.