रात्री मोजलेल्या खाटा

ऐकणारं कोणी नाही हे ठाऊक असूनही बोलते. मी एक्सेलची शीट. गंगापूर रोडवरच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मी जन्मले. मला बनवलं तिथल्या मॅनेजर स्वानंदी मॅडमनी. दिवसपाळीला कुसुम आणि पल्लवी या दोनच सिस्टर. दोघींना धड जेवायला सवड मिळत नव्हती. तिसरी सिस्टर मागितली की हॉस्पिटलचे मालक डॉक्टर विश्वेश म्हणायचे, "आकड्यांत दाखवा."

म्हणून मी आले. प्रत्येक सिस्टरची एक ओळ, एका रकान्यात तिचे तास, शेजारी पेशंट. काम जड झालं तर चौकट लाल, हलकं असेल तर हिरवी. माणसं हिशेबापेक्षा रंगांवर लवकर विश्वास ठेवतात, हे मी तेव्हाच पाहिलं.

पेशंटचा आकडा कुठून घ्यायचा? हॉस्पिटलात रात्री भरलेल्या खाटा मोजायची पद्धत होती. तोच आकडा माझ्यात आला. पण मोतीबिंदूचा माणूस सकाळी पेठ-सुरगाण्यासारख्या लांबच्या तालुक्यातून येतो, ऑपरेशन करून घेतो आणि काळा चष्मा लावून संध्याकाळच्या एसटीनं परत जातो. रात्री खाटा रिकाम्याच. मी इमानेइतबारे हिरवीगार झाले.

"मॅडम, इथे तर एक सिस्टर जास्तच दिसतेय," डॉक्टर म्हणाले. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती. पल्लवी कंत्राटावर होती, तिला कामावरून कमी केलं. ती पेठकडची. जाताना एवढंच म्हणाली, "मॅडम, तुम्हाला बोल नाय लावत. पन कुसुमताईला एकटीला लय होईल."

मॅडमना चूक उमगली तेव्हा पल्लवीला जाऊन काही महिने लोटले होते. त्यांनी दिवसभरात आलेल्या-गेलेल्या पेशंटचा नवा रकाना घातला आणि मी वरपासून खालपर्यंत लाल झाले. आता पल्लवी परत येईल, असं मला वाटलं. वाटणं हे माझं काम नव्हे, पण वाटलं.

डॉक्टरांनी शांतपणे पाहिलं. "काम आहे, मान्य. पण इतके दिवस एकटीनं भागलंच ना?"

भागलं म्हणजे पुरलं, एवढाच अर्थ डॉक्टरांना ठाऊक होता. माणूसही भागतं. दारातून दिसणाऱ्या बाकावर कुसुमताई चप्पल काढून पोटऱ्या दाबत बसल्या होत्या. तिकडे कोणी पाहिलं नाही. सगळे माझ्याकडेच पाहत होते.

काल डॉक्टरांच्या सांगण्यावरून मॅडमनी पल्लवीची ओळ माझ्यातून काढून टाकली. ओळ काढली की खालची आपोआप वर सरकते, मध्ये फटसुद्धा राहत नाही. माझी घडणच तशी आहे. म्हणून एक मागणं. पुढच्या वेळी कोणाला काढलंत, तर नाव पुसा, पण ओळ राहू द्या. रिकामी दिसली तर निदान कोणीतरी विचारेल, इथं कोण होतं?