पिवळ्या झेंड्याखाली गेलेली पुडी

मी एक जुना पिवळा झेंडा आहे, मित्रांनो. तिरंगा नव्हे, भगवाही नव्हे. मला कुणी सलाम करत नाही. परदेशातून आलेली बोट बंदरात शिरली की मला डोलकाठीवर चढवतात. ‘आम्ही बाहेरून आलो आहोत, आमची तपासणी बाकी आहे,’ एवढेच मी सांगतो. डॉक्टर आणि कस्टमचे साहेब येऊन हो म्हणेपर्यंत बोटीवरून माणूस उतरायचा नाही, कुणी वर चढायचे नाही, आणि सुईसुद्धा खाली जायची नाही. माझा जन्म या एकाच कामासाठी होता, आणि तेच माझ्याने झाले नाही.

मी मूळचा कुपवाडचा. सांगलीच्या बाजारातले पिवळे पॉपलीन आणून अंजनाने मला पायमशीनवर शिवले, कडेला दुहेरी टीप घालून. तिचा नवरा ज्ञानू फौजेतून निवृत्त झाला होता आणि कुपवाडच्या कारखान्यांमध्ये त्याचे वेल्डिंगचे छोटे वर्कशॉप होते. माणदेशातल्या कोरड्या विहिरी बघत वाढलेला हा माणूस. फौजेत असताना त्याने समुद्र पाहिला आणि पार वेडावला. आठ वर्षे धंदा सांभाळून त्याने एक लोखंडी शिडाची बोट बांधली. कामाला निघालेले लोक लुना थांबवून विचारायचे, “ज्ञानू, किष्णेला एवढं पाणी कवा आलं रं?” तो हसायचा आणि पुन्हा डोळ्यांपुढे काच ओढायचा.

त्याच्या आईने, धोंडुबाईने, मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले होते. “ह्ये पिवळं फडकं कशाला रं?”

बोटीचे सगळे कायदे ज्ञानूने पाठ केले होते. पण आईची थट्टा करायची त्याला भारी खोड. “शोभंला, आये,” तो म्हणाला. सगळे हसले. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

१९९४च्या जानेवारीत बोट ट्रकवरून घाट उतरून कोकणात गेली. ज्ञानू आणि त्याचा पलटणीतला दोस्त लालासाहेब, दोघांनी ती मस्कतला नेली. निघतानाचे सगळे कागद चोख होते. मस्कतच्या बंदरात मी पहिल्यांदा फडकलो. तिथल्या साहेबाने माझी कड बोटांनी चाचपून पाहिली आणि इतका नीट शिवलेला झेंडा आपण फार बोटींवर पाहिला नाही, असे म्हटले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस.

एप्रिलमध्ये आम्ही परतलो. आदल्या वर्षीच्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांपासून कोकण किनाऱ्यावर पहारा फार कडक झाला होता. शनिवारची दुपार होती. धक्क्यावरच्या पहारेकऱ्याने ओरडून सांगितले की डॉक्टर आणि साहेब सोमवारी येतील, तोवर बोट सोडू नका. ज्ञानूने नांगर टाकला, मला वर चढवले आणि लालासाहेबासोबत गुमान बसून राहिला. फौजेतला माणूस, हुकूम म्हणजे हुकूम.

बोट आल्याचा निरोप मिळताच रविवारी धोंडुबाई आली. सून सोमवारी येणार होती, पण म्हातारीला कुठला दम? एकटीच एसटीने आली आणि एका कोळ्याच्या होडक्यात बसून थेट आमच्या बोटीला येऊन भिडली. मला पाहून ती थबकली नाही; तिच्या लेखी मी अजून शोभेचाच होतो. पदराखाली भाकरी होती. लांबच्या वाटेवरून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय त्याला घरात घ्यायचे नाही, ही त्यांची रीत. ज्ञानू दर्यावर गेल्यापासून ती एक वेळच जेवत होती.

“आये, माघारी जा. परवानगी न्हाई,” ज्ञानू म्हणाला.

“मी कुठं वर येतीया? हितंच हुबी ऱ्हाती. तू नुस्ता वाक.”

तो वाकला. तिने भाकरी ओवाळली, तुकडे करून समुद्रात टाकले आणि त्याच्या गालांवरून बोटे फिरवून कानशिलावर मोडली. आता राहिली रीतीची दुसरी बाजू. ओवाळणाऱ्या आईला रिकाम्या हाताने पाठवायचे नसते. ज्ञानूने मान वर करून माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग आत जाऊन त्याने मस्कतच्या खजुराची एक पुडी आणली आणि तिच्या हातावर ठेवली. मी वर फडफडत राहिलो. मला दुसरे काय येते?

पहारेकऱ्याने हे धक्क्यावरून पाहिले. शिपाई शोधायला गेले तेव्हा म्हातारी एसटी स्टँडवर होती. ड्रायव्हर, कंडक्टर, बांगड्यावाली, जो दिसेल त्याच्या हातावर खजूर ठेवत होती. “घ्या रं, माझा ल्योक दर्यापल्याडनं आलाय.” पुडीतला एकही खजूर शिल्लक राहिला नव्हता, आणि कागद कुठे उडाला ते कुणालाच ठाऊक नव्हते.

सोमवारी साहेब आले. ज्ञानूच्याच अक्षरातल्या, बोटीवरच्या मालाच्या यादीत खजूर पाच किलो होता. वजनात साडेचार भरला.

“पुडीत काय होतं?”

“खजूर, साहेब.”

“कशावरून?”

ज्ञानूने यादीतल्या खजुराच्या ओळीवर बोट ठेवले. साहेब काही वाईट माणूस नव्हते. “तुम्ही खरं बोलताय असं मला वाटतं,” ते म्हणाले, “पण ‘मला वाटतं’ असं मी कागदावर लिहू शकत नाही.” त्यांनी बोटीला सील ठोकले आणि मला उतरवून गोदामात नेले.

मग तारखांवर तारखा पडत गेल्या. सील ठोकलेल्या बोटीला रंगाचा हात लावायलाही ज्ञानूला मनाई होती. तिसऱ्या पावसाळ्यात नांगराची साखळी तुटली आणि बोट खडकांवर फुटली. त्यानंतर वर्षभराने निकाल लागला: ताकीद देऊन बोट परत करावी. परत करायला उरलो होतो मी. ‘पिवळे कापड, एक, जुने.’ ज्ञानूने माझ्या नोंदीपुढे सही केली आणि मला मांडीवर घेऊन तो कुपवाडला परतला. आता तो फाटके आणि ग्रील बनवतो. मी दारामागच्या खिळ्यावर असतो. कधी कधी तो माझ्याने हाताचे तेल पुसतो. ते माझ्या मनाला लागत नाही.

लागले ते परवाचे. ज्ञानूचा मुलगा शंभूराज फौजेत भरती होऊन पहिल्या सुट्टीवर आला. ट्रंक खाली ठेवून दारात उभा राहिला, आजीची वाट बघत. धोंडुबाई चुलीपुढून उठेना.

“आत्याबाई, पोरगं दारात हाय,” अंजना म्हणाली.

“तूच ओवाळ बाई. माझा हात लागला तर त्याचं बी कायतरी जप्त हुईल.”

शंभूराज तिथेच थांबला. ज्ञानू वर्कशॉपमध्ये गेला आणि कुणी काम सांगितले नसताना मशीन सुरू करून बसला.

मित्रांनो, आपल्या माणसाला धोक्याची खूण दाखवाल, तेव्हा तिचा अर्थही सांगा. थट्टेवारी नेऊ नका. आणि कधी कुपवाडला आलात, तर त्या म्हातारीपाशी घटकाभर बसून, चूक तिची नव्हती, एवढे तिला सांगा. घरातले कुणी सांगत नाही, आणि मला तिच्याशी बोलता येत नाही.