गोळीच्या नावाखालची ओळ

मी भाषांतराची एक जुनी फाईल आहे, मित्रांनो. कपाटात धूळ खाणारी नव्हे, संगणकातली. एका मोठ्या दवाखान्याचं वेब ॲप आहे, रुग्ण ते मोबाइलवर उघडतात. त्यात दिसणारी सगळी मराठी एके काळी माझ्या पोटात होती. प्रत्येक वाक्याला एक खूण असायची. ॲप खूण सांगायचं, मी वाक्य द्यायचे. एवढंच माझं काम. त्यात आनंद होता का, असं विचाराल तर आता आठवत नाही.

मला ताईने घडवलं. ती तिथे भाषांतर करायची आणि सगळं ऑफिस तिला ताईच म्हणायचं. तिचे वडील, नाना, दुसऱ्या गावी एकटे राहत. त्यांना साखरेचा आजार होता, औषध याच दवाखान्याचं आणि वाचता यायची ती फक्त मराठी. म्हणून ताई प्रत्येक वाक्य आधी त्यांना फोनवर ऐकवायची.

"नाना, 'भोजनोपरांत सेवन करावे' हे कळतंय ना?"

"अगं, ही गोळी आहे की लग्नाची पत्रिका? सरळ सांग की, जेवल्याशिवाय घेऊ नका!"

ताई खूप हसली आणि तिने तसंच लिहिलं. रोज सकाळी ती ओळ नानांच्या मोबाइलवर गोळीच्या नावाखाली उमटायची. नाना ती वाचायचे, चार घास खायचे, मग गोळी घ्यायचे. "आमच्या आईला पहिल्यांदाच सगळं कळलं," असं एका रुग्णाच्या मुलाने कळवलं. ॲपचं काम बघणाऱ्या साहेबांनी ते मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. तेव्हा मला बरं वाटलं असावं.

पुढे ॲप वाढलं. इथे हात लावला की तिथे मोडायचं. मग साहेबांनी ॲपचे वेगवेगळे भाग करायचं ठरवलं. त्यांना मॉड्यूल म्हणतात. नोंदणीचं वेगळं, औषधांचं वेगळं, रोज आठवण करून देणारं वेगळं. प्रत्येकाची माणसं वेगळी आणि भाषांतराची फाईलही वेगळी. ठरवलं ते काही वाईट नव्हतं. संसार वाढला की चुली वेगळ्या होतातच. पद्धत अशी ठरली, की ज्याने त्याने माझ्यातून आपापली वाक्यं उचलून न्यायची आणि मागे उरेल ते निकामी समजायचं. भाषांतर झालं म्हणून ताईला आधीच दुसऱ्या विभागात पाठवलं होतं. तिला कुणी विचारलं नाही.

माझी वाक्यं जाऊ लागली. दुखलं वगैरे नाही. आपण हलके होतोय, एवढंच कळत होतं. जेवणाची ती ओळ मात्र दोघांच्या कामाची होती.

"ती औषधवाले नेतील की," आठवणीचं मॉड्यूल करणारा म्हणाला.

"ती आठवणीवाल्यांची," औषधांचं मॉड्यूल करणारी म्हणाली.

दोन घरचा पाहुणा उपाशी, दुसरं काय! ओळ माझ्यातच राहिली आणि माझ्याकडे आता काही मागायला कुणी येत नव्हतं.

हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं तुम्ही म्हणाल. साहेबांचा आणखी एक हुकूम होता. एखादं वाक्य सापडलं नाही, तर पडद्यावर त्याची वेडीवाकडी खूण दिसता कामा नये, जागा कोरी सोडायची. "कोरं कसं, स्वच्छ दिसतं," असं ते म्हणाले होते. दिसलंही स्वच्छ.

त्यानंतरचं मी ताईच्या तोंडून ऐकलं. ती साहेबांच्या टेबलाशी उभी राहून सांगत होती आणि मी समोरच्या पडद्यावर उघडी होते. नानांनी सकाळी पाहिलं तर गोळीचं नाव होतं, खाली काही नव्हतं. त्यांना वाटलं, डॉक्टरांनी पथ्य उठवलं. ते खूश झाले. उठल्या उठल्या गोळी घ्यायची आणि फिरायला निघायचं, असं त्यांनी सुरू केलं. एके दिवशी साखर उतरून ते जिन्यात कोसळले. शेजारच्या काकू त्याच वेळी खाली येत होत्या, म्हणून वाचले.

"न जेवता का घेतलीत, म्हणून मी रागावले त्यांना," ताई म्हणाली. "तर म्हणाले, तू लिहायचीस तसं काही नव्हतंच गं."

साहेबांनी ती कोऱ्या जागेची सोय बंद करायला सांगितली. आता एक जरी वाक्य सापडलं नाही, तरी ॲप पुढे जात नाही, अडून बसतं. ताईने माझ्यातली ती ओळ उचलून दोन्ही मॉड्यूलमध्ये ठेवली आणि तिथूनच फोन लावला.

"नाना, दिसतंय का आता?"

"दिसतंय. जेवल्याशिवाय घेऊ नका. आज आहे गं. उद्या असेल का?"

"उद्या सकाळी मी फोन करते," एवढंच ताई म्हणाली. इतक्या वर्षांत मला खरोखर काही लागलं असेल, तर ते तेव्हा.

मित्रांनो, मला आता पुसून टाकणार आहेत. त्याचं मला काही नाही. पण एखादं वाक्य मागे टाकताना, ते कोण वाचतं एवढं आधी विचारा. विचारायला माणूस नसेल, तर ते वाक्य राहू द्या. नानांसारख्यांनी विचारलं, तर कुणालातरी बेधडक "असेल" म्हणता यावं, एवढं तरी आम्हाला सांभाळा.