ताठ पाठ

सकाळपासून वालासीचा पाय एका जागी ठरत नव्हता. मांगेरेच्या सामोअन चर्चच्या हॉलमध्ये तिनं खुर्च्या गोलात मांडल्या, मोडल्या, पुन्हा मांडल्या. केस सोडले, बांधले. खिडकीतून डोकावून आली. तिचे वडील योसेफो अजून आले नव्हते, आणि येतील याचा भरवसाही नव्हता.

थंडीच्या आधी योसेफोंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, सांधा उत्तम बसलाय, आता खुशाल चाला. पण पडण्याची भीती एकदा मनात बसली ती उठायला तयार नव्हती. हातात काठी असली तरी दोन्ही बाजूंनी दोन माणसांनी धरल्याशिवाय ते खुर्ची सोडत नसत. सगळ्या घराण्याला शब्दावर उठवणारा-बसवणारा हा माणूस, स्वतः उठायचं म्हटलं की घामाघूम व्हायचा.

आणि आजच चष्म्याची चाचणी होती. वालासी ज्या जिमतर्फे या हॉलात म्हाताऱ्यांचा व्यायामवर्ग घ्यायची त्याचा मालक क्रेग, त्यानं हे नवीन खूळ आणलं होतं. चष्मा घातला की समोरचा हॉल आहे तसा दिसतो, वर त्या हॉलात व्यायाम शिकवणारी एक बाई दिसते, जी तिथं नसतेच. ती बाई म्हणजे वालासी. गेल्या महिन्यात शहरातल्या एका स्टुडिओत तिचं चालणं, वाकणं, बोलणं सगळं कॅमेऱ्यांनी टिपून घेतलं होतं. आज म्हाताऱ्यांना पसंत पडलं की सोमवारपासून ही चष्म्यातली वालासी सगळ्या शाखांत शिकवणार, आणि हाडामांसाची वालासी मुख्य प्रशिक्षक होणार. फक्त तिची सही बाकी होती.

खरं सांगायचं तर तिला पदाचं एवढं नव्हतं. तिला बाबांच्या तोंडून एकदा 'बरं केलंस' ऐकायचं होतं. "उड्या मारणं हेही काम असतं होय?" यापलीकडे तिच्या नोकरीबद्दल ते आजवर काही बोलले नव्हते.

शेवटी दोन पुतण्यांच्या खांद्यावर ओझं टाकत योसेफो आले आणि गोलातल्या मधल्या मोठ्या खुर्चीत बसले. बाकीचे वडीलधारे बसलेच होते. सगळ्यांनी चष्मे चढवले. चष्म्यात काय दिसतं ते सगळ्यांना कळावं म्हणून क्रेगनं भिंतीवर मोठा पडदा लावला होता.

"अगं बाई!" फुआतिनो आत्या ओरडली. "वालासी, चष्म्यातली तू बारीक दिसतेस गं! मला हीच भाची पाहिजे, तू जा घरी!"

हॉल खदखदून हसला. वालासीही हसली, पण तिचं लक्ष बाबांकडे होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

चष्म्यातल्या वालासीनं हात वर केले, सगळ्यांनी केले. तिनं गुडघा उचलला, सगळ्यांनी उचलला. क्रेगनं लांबून अंगठा दाखवला. मग ती एकेकाला पाहायला गोलात फिरू लागली. आत्यापुढून गेली, पाळकसाहेबांपुढून गेली, ताठ मानेनं, टकाटका.

आधी आत्याचं हसू गेलं. ती जमिनीकडे बघायला लागली. मग पाळकसाहेबांनी तोंड वळवलं. हातपाय हलायचे थांबले. वालासीनं पडद्याकडे पाहिलं आणि चूक तिच्या ध्यानात आली.

बसलेल्या वडीलधाऱ्यांपुढून जायचं तर कमरेत वाकून, हात खाली सोडून, 'तुलोउ', म्हणजे 'माफ करा', म्हणत जायचं, ही सामोअन रीत. वालासी चालायला लागली तेव्हापासून हे करत आली होती. वर्गातही दर वेळी करायची, इतकं सहज की आपण ते करतो हे तिला ठाऊकही नव्हतं. मग स्टुडिओत कसं सुचणार? तिथं समोर नुसती रिकामी हिरवी जमीन होती. वाकायचं कुणापुढे? वर कॅमेऱ्याला गुडघे दिसत नाहीत म्हणून कमरेला गुंडाळायचं कापड, लावालावा, तीही सोडायला लावली होती. आता तीच वालासी, नुसत्या घट्ट चड्डीवर, पाळकासमोर, आत्यासमोर, जन्मदात्या बापासमोर मिरवत होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

तेवढ्यात खुर्ची करकरली. योसेफो उठत होते.

पुतणे धावले. त्यांनी हातानंच दोघांना थोपवलं. खुर्चीच्या हातावर जोर देऊन ते उभे राहिले, क्षणभर डोलले, सावरले. मग कमरेतून खाली वाकले, हात जमिनीकडे सोडला आणि चष्म्यातल्या लेकीच्या पुढे होऊन गोलात चालू लागले.

"तुलोउ," ते आत्यापुढे म्हणाले. "तुलोउ," पाळकसाहेबांपुढे. "पोरीचं चुकलं. तुलोउ."

पडद्यावर त्यांच्या वाकलेल्या पाठीवर चुकीची लाल रेघ उमटली आणि हॉलभर आवाज घुमला, चष्म्यातल्या वालासीचा, गोड, उत्साही. "पाठ सरळ! मान वर! लाजू नका, छाती पुढे!"

योसेफो आणखी वाकले.

वालासीला रडू फुटलं. ती वाकूनच गोलात शिरली, तुलोउ, तुलोउ करत बाबांपर्यंत पोचली आणि त्यांचा चष्मा काढून घेतला.

क्रेग टाळ्या वाजवत आला. "चालले की ते! एकटे! वॅल, तुझ्या वडिलांना आम्ही जाहिरातीत घेणार!"

"मला पुन्हा टिपून घे," वालासी म्हणाली. "समोर माणसं बसवून. लावालावा नेसून, वाकून."

"वाकून?" क्रेगला कळेना. "अगं, आपण ताठ पाठ शिकवतो. वाकलेली बाई दाखवली तर लोक हसतील. आणि कापडात गुडघे कसे दिसणार?"

योसेफोंनी मध्येच विचारलं, "ही चष्म्यातली सोमवारपासून कुठेकुठे जाणार म्हणालात?"

क्रेगनं मोठ्या हौसेनं सगळ्या शाखांची नावं सांगितली.

"तिथंही म्हातारी माणसं बसणार?"

"हो तर!"

योसेफो लेकीकडे वळले. "मग मला रोज तिथं नेऊन सोड. ती येण्याआधी मी वाकून घेतो."

ते रागावून बोलले असते तर तिनं सोसलं असतं. पण बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं ते बोलले.

"पुसून टाक मला, क्रेग," ती म्हणाली. "सही नाही करणार."

"वॅल, मुख्य प्रशिक्षकाचं पद आहे. पुन्हा येणार नाही."

"माहीत आहे."

ती बाबांना गाडीतून घरी घेऊन निघाली. हातचं पद गेलं याची चुटपुट तिला लागली होतीच. ते नाकारण्यात अर्थ नव्हता. सिग्नलला तिची बोटं स्टिअरिंगवर वाजत होती.

"मग सोमवारी वर्ग कोण घेणार?" योसेफोंनी विचारलं.

"मीच. आपल्याच हॉलात. क्रेगनं कामावर ठेवलं तर."

त्यांनी ऑपरेशन झालेल्या मांडीवरून हात फिरवला. घर आलं तसे आधीच पोचलेले पुतणे दारातून धावत आले. योसेफोंनी गाडीचं दार स्वतः उघडलं, त्यांना मागे व्हायला सांगितलं आणि एक पाय खाली टेकवला.

"सोमवारी मला न्यायला ये," ते म्हणाले. "काठी नको आणूस. लावालावा मात्र विसरू नकोस."