नणंदेची मुंगी

सासूबाईंनी सुया उकळायला ठेवल्या आणि सून पातेल्यापाशीच घुटमळत राहिली.

अंगावरचं दूध सुटलं की मुलीच्या मनगटावर पहिला ठिपका गोंदायचा, ही या घरातली रीत. ठिपका म्हणजे मुंगी. मुलगी वाढेल तशी रांग वाढत कोपरापर्यंत जायची. मुंगी रांगेतली, म्हणजे वाट न चुकणारी, एकटी न पडणारी. सुनेच्या लेकीचं, भिंगरीचं, दूध नुकतंच सुटलं होतं.

"आई, नीट उकळल्या ना?" सुनेने पुन्हा विचारलं.

"उकळल्या. आता मीच तेवढी राहिलेय. पातेलं मोठं असेल तर मलाही घाल त्यात."

सून हसली, पण नुसती ओठांनी. मोबाइलवर तिने नको नको ते वाचून ठेवलं होतं. "एवढ्या लहान बाळाला नकोच," असं डॉक्टरही म्हणाले होते. पण घरात हे बोलायचं कोणत्या तोंडाने? सासूबाईंची बोटं हल्ली आखडत चालली होती. नातीची मुंगी आपल्या हातची हवी, एवढंच एक मागणं त्यांनी आजवर बोलून दाखवलं होतं.

खिडकीशी चटई घातली. वाटीच्या झाकणात तेलात कालवलेली काजळी. भिंगरी आईच्या मांडीत बसून चटईच्या काड्या उपटत होती. सासूबाईंनी सुई काजळीत बुडवली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "टोचू का?"

होकार आल्याशिवाय सुई कातडीला लागत नसे. तान्ह्यांच्या वतीने आईने "टोचा" म्हणायचं.

सुनेने भिंगरीचं मनगट आपल्या मुठीत झाकलं.

"अगं, मूग गिळलेस का? टोचू का?"

"आई, मला हो म्हणवत नाही." सून म्हणाली. "नाहीही म्हणवत नाही. तुमची हौस मला कळते. पण ही एवढीशी आहे हो."

सासूबाईंनी सुई झाकणाच्या काठावर टेकवली. आता अबोला किती दिवस चालणार, या विचाराने सुनेची नजर त्यांच्या हातावरच खिळून राहिली. मुंग्यांची सरळ रांग, आणि रांगेबाहेर एक मुंगी. सुई घसरली असेल, असं तिला लग्नापासून वाटत आलं होतं.

"ही चुकलेली का?" काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं.

"चुकतेय कशाला. ती तुझ्या नणंदेची. दुसऱ्या मुंगीच्या वेळी हात हिसडून पळाली, थेट माळ्यावर. नाही म्हणजे नाहीच. सुई काळी केली की टोचल्याशिवाय पुसत नाहीत. ठेवली मग माझ्याच हातावर, सांभाळायला."

"मग?"

"मग काय. स्वतः आई झाल्यावर आली आणि म्हणाली, माझी दे. दिली तिच्या हातावर टोचून."

सुनेने भिंगरीला चटईवर उतरवलं आणि स्वतःची बाही वर सारली. हात कोरा होता. तिच्या माहेरी ही रीत आजीच्या पिढीतच सुटली होती.

"हिची माझ्याकडे ठेवा."

"तुझ्याकडे? लस टोचताना पोरीच्या आधी तूच रडलीस."

"रडेन. पण हात ओढणार नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग सुई पुन्हा बुडवली. "टोचू का?"

"टोचा."

त्यांच्या आखडलेल्या बोटांत सुई नीट बसेना, तेव्हा सुनेने दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट धरून ठेवलं. सुई टोचली.

"आई गं."

"इथेच आहे मी. हलू नकोस."

ठिपका जरा वाकडाच उमटला. भिंगरी रांगत आली आणि ओलं बोट लावून तो पुसायला लागली. सुनेने कळवळून हात मागे घेतला.

"नाही जायची ती, भिंगरे," सासूबाई म्हणाल्या. "तुला हवीशी झाली की माग. तुझी आई देईल."

"मी?"

"मग कोण? ही बोटं तोवर थांबणार आहेत का? दुधी आण एखादा. त्याच्या सालीवर सुई टोचून हात बसला की मग पुढचं बघू."

"घरात आहे एक," सून डोळे पुसत म्हणाली आणि उठली.